विटेचा शेक

"बाई, तुम्ही बाहेर बसा. तुम्हालाच धरायला माणूस लागतोय. घरातलं धडधाकट कोण आहे?"

नांदेडच्या दवाखान्यात, माझ्या नवऱ्याच्या खाटेपाशी, डॉक्टर हे मला बोलले. सगळा वॉर्ड माझ्या पायाकडं बघायला लागला. लहानपणी पोलिओ झालेला, वाळका पाय. काखेत कुबडी. दीर पुढं सरकला. मी बाहेर गेले. गुमान गेले, त्याची मला आजही चीड येते.

नवरा रंगकाम करायचा. नायगावात एका दुमजली घराच्या परांचीवरून पडला. मणका मोडला, आतली नस तुटली, कमरेखाली सगळं मेलं. अशा माणसाला घरी कसं सांभाळायचं, ते डॉक्टरांनी दिराला समजावलं. दीर लातूरला नोकरीला. त्यानं आम्हाला घरी सोडलं, "काळजी घ्या वहिनी," म्हणाला आणि निघून गेला. एक शब्द सांगितला नाही. बायकांना येतंच की सगळं!

मला काय येत होतं? शेक द्यायला. आमच्याकडं काही दुखलं, आखडलं, की वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेकायचं. नवऱ्याचे पाय गारढोण. म्हटलं, ऊब लागली तर जीव येईल. टाचेखाली वीट ठेवली.

"लागतंय का?"

"काहीच कळून न्हाई राहिलं. राहू दे अजून."

मी राहू दिली.

फडकं काढलं तर टाचेची कातडी त्याला चिकटून आली. तो आपला छताकडं बघत पडलेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. माणूस जळतोय आणि त्याला खबर नाही. माझ्या हातानं जळतोय. त्या दिवशी मला मरून जावंसं वाटलं.

पुन्हा नांदेड, पुन्हा तेच डॉक्टर. जखम बघून कडाडले, "कुठल्या अडाण्यानं केलं हे? शेक द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं ना?"

"कुणाला बजावलं, साहेब?"

ते माझ्याशी बोललेच नाहीत. सिस्टरला म्हणाले, "यांच्या घरातलं कुणीतरी बोलवून घ्या."

मी कुबडी भिंतीला टेकवली आणि नवऱ्याच्या खाटेवर चढून बसले. "मीच हाय घरातली. मला सांगा. सांगितल्याबिगर उतरणार न्हाई."

शेवटी सिस्टरनं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची नळी स्वच्छ ठेवायची. पाठ, माकडहाड, टाचा रोज बघायच्या. चादर धरून मी त्याला एकटीनं कुशीवर वळवलं. जन्मभर कुबडीवर अंग तोललंय, माझ्या दंडात ताकद आहे. कुणी विचारलंच नव्हतं.

मग मी विचारलं, "चालतील का हे?"

डॉक्टर कागद चाळायला लागले.

"माझ्याकडं बघून सांगा."

"नाही."

या गोष्टीला पाच महिने झाले. जखम भरत नाही. हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल म्हणतात. रोज बघते, रोज धुते. आशा मी ठेवत नाही, खोटं कशाला बोलू?

परवा दीर आला. "वहिनी, तुमच्यानं व्हायचं न्हाई. दादाला एखाद्या आश्रमात ठेवू. मी बोलून आलो हाय."

नवरा ऐकत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मलाही नाही.

मी म्हणाले, "चटका मी दिला, भावजी. ते मी मरेस्तोवर विसरणार न्हाई. पण मला अंधारात तुम्ही ठेवलं. आता ह्यांच्या अंगाचं काय करायचं ते ह्यांना न् मला विचारायचं. न विचारता ठरवून आलात, तर दारातूनच माघारी जायचं."