लिंबातलं रक्त

दिंद्रुडच्या बाजारात पत्त्यांचे खेळ करणारा तो म्हातारा जादूगार. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

त्या दिवशी मी तिथं एका बाबाचं ढोंग उघडं पाडायला उभा होतो. लिंबातून रक्त काढून हा भामटा आजार बरे करतो म्हणे! समोरची एक बाई कावीळ झालेली लेक घेऊन त्याच्याकडेच निघाली होती. सुरीला रसायन लावलेलं असतं, हे मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या पत्रकातल्यासारखं आधीच सांगत सुटलो. लोक पांगू लागले. बाबाची माणसं हसली. मी हातातल्या सुरी-लिंबाकडेच बघत राहिलो.

पुढं उकिडवा बसलेला म्हातारा मिशीवर अंगठा फिरवत पुटपुटला, "आधीच काहून सांगायलास बे? आधी फसव. अन् हाताकडं बघू नको. तू बघशील तिकडंच लोक बघतेत."

फसवायचं? मी? संताप आला. तरी त्या बाईकडे बघत मुकाट्यानं लिंबू कापलं. लाल धार लागली, पांगलेली गर्दी परत गोळा झाली, आणि बाई लेकीसकट माझ्याच पाया पडली.

म्हातारा ताडकन उठला. "सांग आता, लवकर! न्हाईतर तूच बाबा व्हशील."

मी तीच सुरी आणि दुसरं लिंबू तिच्या हातात दिलं. "मावशी, तुम्ही कापा."

रक्त तिच्याही हातून आलं. लेकीला घेऊन दवाखान्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसेपर्यंत ती बोटं पदराला पुसत होती.