पश्चिमेच्या खिडकीचा चिक

आईचा एकच डोळा उरला होता आणि त्यातही मोतीबिंदू पिकला होता. दुसरा डोळा मी लहान असताना सुईने मोतीबिंदू पाडत गावोगाव फिरणाऱ्या एका सुईवाल्याने घालवला. भरल्या बाजारात बसवून त्याने सुई घातली आणि आठ दिवसांत डोळ्याचं पाणी झालं. त्यामुळे नागपूरचे डॉक्टर आरमोरीला येणार, शाळेतच खाटा टाकून डोळे कापणार, असं कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही. भीतीच वाटली. हाही गेला की संपलं.

चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता. महिना चैत्राचा. डोळे खरं तर थंडीत कापायचे, पण डॉक्टरांना सवड आत्ता होती आणि आईला तर ताटातली भाजीही चाचपून पाहावी लागत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच. मी चोवीस वर्षांची, मुलींच्या शाळेत मास्तरीण. शिक्षिका घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलातून पास झालेल्या बायका गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली एक मी आहे हे मी कोणाला विसरू देत नसे. राग तर कायम नाकावर.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. आठ दिवस शाळेत, मग चौघांनी खाट उचलून घरी, आणि पुढे तीन आठवडे उताणं पडून राहायचं. खाट एकदा ठेवली की हलवायची नाही. शिंक नको, खोकला नको, मान वळवायची नाही. खोलीत अंधार हवा पण हवा खेळती हवी, कारण पट्टीखाली घाम साचला तर डोळा पिकतो. टाके नाजूक असतात, एका शिंकेने उसवतात, असं ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

आमच्या कवेलूच्या छपराच्या घरात तशी खोली एकच होती. तिला खिडकीही एकच, आणि ती नेमकी पश्चिमेला. दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन त्या खिडकीतून थेट आत शिरायचं. झडप लावली तर खोलीची भट्टी व्हायची, उघडली तर उजेडच उजेड.

सल्ले द्यायला सारं गाव तयार होतं. पोस्टातल्या बाबूंनी वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारायला सांगितलं. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, काळं कापड दुहेरी शिवून ठोक. शेजारीण म्हणाली, जांभळीचे पानांसकट डगाळे टाकून मांडव घाल. मी तिन्ही गोष्टी डॉक्टरांपुढे ठेवल्या. वाळ्याने ओल धरेल आणि सर्दी होईल, कापडाने हवा कोंडेल, डगाळे वाळले की पाचोळा आत उडेल, असं म्हणून त्यांनी तिन्ही मोडीत काढल्या. उरला चिक, म्हणजे बांबूच्या कामट्या सुतळीने विणून केलेला गुंडाळता पडदा. तेव्हा मी बाजाराच्या दिवशी बुरडाकडे गेले.

म्हातारा सुपं विणत बसला होता. मी खिडकीचं माप सांगितलं. त्याने माप ऐकलंच नाही जणू. खिडकी कोणत्या अंगाला, वारा कुठून येतो, खाली कोण निजणार, किती दिवस, चूल कुठे, असं एकेक विचारत बसला. मला शाळेत जायची घाई होती. मी पडदा घ्यायला आले होते, सोयरीक जुळवायला नव्हे, असं मी त्याला तोडून म्हणाले. तो हसला आणि हातातली कामटी तासत राहिला.

शेवटी त्याने सांगितलं ते असं. चिक आतून लावायचा नाही, बाहेरून लावायचा, भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे ऊन बाहेरच अडेल आणि मधल्या फटीतून वारा चालेल. वर वीतभर जागा सोडायची, गरम हवा तिथून निघून जाईल. इथपर्यंत मला पटलं. मग नवा चिक कधी देतोस विचारलं, तर म्हणाला, नवा देत नाही.

"आता जो बांबू आला तो उजेडातला हाय, बाई. चांदण्या पाखात तोडला. त्याले घुण लागते. अवसेच्या अंधारात तोडलेला येऊ द्या, मंग देतो."

अमावास्येला अजून बारा दिवस होते आणि आईचा डोळा पाचव्या दिवशी कापायचा होता. मी तसं सांगितलं. त्याने कामटी बाजूला ठेवली. मग म्हणाला, माझ्या घराच्या दाराला जुना चिक आहे, चुलीच्या धुरावर दहा वर्षं पोसलेला. त्याला किडा शिवत नाही. तोच न्या, काम झालं की आणून द्या.

मला जे वाटलं ते लपवत नाही. माझ्या आईच्या खोलीला बुरडाच्या दाराचा काजळलेला चिक! जातीचा ताठा त्यात होता आणि शिक्षणाचा त्याहून जास्त. चंद्र पाहून बांबू किडतो हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, असं मी त्याला भर बाजारात विचारलं. त्याने अर्धवट सूप पुन्हा मांडीवर घेतलं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका व्यापाऱ्याकडे पिवळाधमक नवा चिक टांगलेला होता, कडेला हिरव्या कापडाची पट्टी. मी तो उचलला. व्यापाऱ्याने मला काहीच विचारलं नाही, आणि तेच मला फार आवडलं.

घरी आल्यावर आईने तो हाताने चाचपला, नाकाशी नेला.

"ओला वास येऊन राह्यला याले. कधीचा बांबू हाय?"

आई कुरखेड्याकडच्या खेड्यातली. तिच्या माहेरी पाळण्यापासून तिरडीपर्यंत सगळं बांबूचं. पण ती एक यत्ताही शिकलेली नव्हती, आणि मी तिला म्हटलं, आता तू तरी सुरू करू नकोस. तिने चिक खाली ठेवला. एवढा देखणा चिक बाहेर उन्हात खराब होईल म्हणून मी तो आतूनच लावला. वारा मिळावा म्हणून आईची खाट नेमकी त्याच्याखाली मांडली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच सोडला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. नवव्या दिवशी चौघांनी आईला खाटेसकट आणलं. खोलीत छान हिरवट अंधार होता, वाराही होता. कंपाउंडर रोज पट्टी बदलायला यायचा, त्यानेही पडद्याची तारीफ केली. चार-पाच दिवस मी त्या तारिफेवर काढले.

मग एका सकाळी झाडताना खिडकीखाली पिवळं पीठ सापडलं. बेसनासारखं, मऊ. मला वाटलं भिंतीची माती असेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढंच. तिसऱ्या दिवशी आईच्या उशीवर. त्या दुपारी मी शाळेतून येऊन तिच्याजवळ बसले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि त्या शांततेत मला बारीक कुरकुर ऐकू आली. मी कान दिला. आवाज चिकातून येत होता. उभी राहून पाहिलं तर कामट्यांना टाचणीने टोचावीत तशी भोकं पडली होती, आणि वाऱ्याने चिक जरा हलला की त्यांतून पीठ झिरपत होतं, सरळ आईच्या चेहऱ्यावर.

तेवढ्यात आईच्या नाकपुड्या फुलल्या. तिला शिंक येत होती.

तिने स्वतःच वरच्या ओठावर बोट दाबलं. मी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, घट्ट नाही आणि सैलही नाही. तिची छाती भरून आली, थांबली, पुन्हा भरली. तोंड उघडून तिने श्वास हळूहळू सोडला. शिंक परत गेली.

चिक काढून फेकावा म्हणून मी हात घातला आणि तिथेच थबकले. सुतळीची गाठ सोडताना नुसता धक्का लागला तरी सगळं पीठ एकदम खाली येणार होतं. खाट हलवायची मनाई. झडप आतूनच लागायची आणि ती तर चिकाच्या मागे, म्हणजे चिकाला हात लागणारच. मीच बांधलेल्या गाठीखाली मी आईला अडकवून ठेवलं होतं. दांडीवरच्या लुगड्याचा पदर ओला करून तिच्या तोंडावर ताणून धरला आणि शेजारणीला हाक मारली. तिच्या हाती पदराची टोकं देऊन मी तशीच पायात चप्पल न घालता गावाबाहेर बुरडांच्या वस्तीकडे धावले.

म्हातारा जेवायला बसला होता. मी दारात उभी राहून धापा टाकत सांगितलं. आता हा म्हणेल, बघा पुस्तकात. म्हणायलाच हवं होतं, मी असते तर म्हटलं असतं. त्याने हात धुतले, दाराचा काळा चिक उतरवला, ओल्या फडक्याने पुसला आणि खांद्यावर टाकून माझ्यापुढे चालू लागला.

घरी येऊन त्याने आधी पाणी मागितलं. वडिलांचं एक जुनं धोतर भिजवून पिळलं आणि ओटीवरचं स्टूल आत आणून त्यावर चढून ते चिकावर वरपासून खालपर्यंत इतकं हळू चिकटवलं की कामटी हलली नाही. पीठ भिजून जागीच बसलं. मग दुसऱ्या बाजूने तसंच. आई खाली पडून होती, शेजारीण आणि मी तिच्यावर पदर धरून उभ्या होतो. एकदा सुतळी अडकली. त्याने ती ओढली नाही, कोयत्याच्या टोकाने एकेक पीळ कापला. शेवटी ओल्या धोतरात गुंडाळलेला चिक त्याने तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून बाहेर नेला. लगेच झडप लावली, बाहेरून दोन मेढी रोवल्या आणि हातभर पुढे, वर वीतभर जागा सोडून, स्वतःच्या दाराचा चिक बांधला. झडप पुन्हा उघडली तेव्हा खोलीत अंधार होता आणि पहिल्यापेक्षा गार वारा. जाताना तो आईला फक्त एवढंच म्हणाला, आता निजा बाई.

पुढचे पंधरा दिवस मी घास गिळला तो नुसता गिळला. टाके उसवलेत की नाही हे पट्टी कायमची सुटल्यावरच कळणार होतं. डॉक्टर त्या दिवशी स्वतः आले. आईने डोळा उघडला, पाणी आलं, तिने तो मिटला आणि पुन्हा उघडला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, किती वाळली तू.

डॉक्टर गेल्यावर मी तिच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. बुरडाने कसं सांगितलं होतं, मी कसं ऐकलं नाही, ते पीठ कशाचं होतं. ती शांतपणे ऐकत होती.

"मले मालूम होतं. पहिल्या दिवसापासून घुण कुरतडून राह्यला होता, मी आयकत होती."

मग काऊन नाही सांगितलं, असं मी ओरडलेच, म्हणजे तेव्हाही ओरडलेच.

"तुले सांगतलं असतं तं तू चिडली असती. मंग मले रडू आलं असतं. डोळा कापलेल्या माणसानं रडून कसं चालन?"

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. पावसापाण्याविषयी बोलावं तशी बोलली. सात-आठ दिवस ती डोळ्यावर पट्टी बांधून त्या आवाजाखाली पडून राहिली होती, आणि डोळा जाण्यापेक्षा तिला माझ्या तोंडाची भीती जास्त वाटली होती. मी उठून चूल पेटवायला गेले. तीन काड्या वाया गेल्या, चौथीला चूल पेटली.