मोहाखाली बाई असल्यास

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकदाही गोल्फची काठी हातात धरली नाही, तरी या दोन जिल्ह्यांत गोल्फ कळलेला माणूस तो एकच, हे मी कोणालाही तोंडावर सांगेन. मुलीचे सासरे म्हणून सांगत नाही. तसा माणूस छळवादीच. ऐन लग्नात मला मांडवामागे नेऊन, पाणी कुठून वाहील ते अर्धा तास दाखवत बसले होते.

कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात ते बागेचे सुपरवायझर आणि मी टायपिस्ट. नव्वद सालच्या सुमारास कारखान्याने नऊ खड्ड्यांचं गोल्फ मैदान करायचं ठरवलं, सगळ्या गावाला मोकळं. आमचे व्याही मूल तालुक्याकडचे, धानाच्या शेतात वाढलेले. त्यांनी खड्ड्याभोवतीची प्रत्येक हिरवळ धानाच्या बांधीसारखी, म्हणजे पाणी साठवायच्या वाफ्यासारखी, सपाट केली आणि चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातला. श्रावणात नऊही ठिकाणी घोट्याएवढं पाणी. साहेब तणतणले, तर हे म्हणतात, "पाणी पळून गेलं त हिरवं कायनं राहीन, साहेब?" शेवटी धुरे एका अंगाने फोडले. उरलेल्या धुऱ्याला आपटून चेंडू आपोआप खड्ड्याकडे माघारी येई, त्यामुळे आमच्यासारखे अडाणीही खुशाल खेळू लागले.

नकाशात मोहाची झाडं तोडायची होती. यांनी एकही तोडलं नाही, मैदानच वाकवलं. उन्हाळ्यात पहाटे बाया फुलं वेचायला येत, म्हणून स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'मोहाखाली बाई असल्यास चेंडू मारू नये.' एकदा मोठे साहेब काठी खांद्यावर टाकून ताटकळले होते, तर हे त्यांना म्हणतात, "काऊन घाई करून राह्यले? चेंडू उद्याबी पांढराच राहीन. फुलाचं तसं नाई."

मग नवे साहेब आले. कुंपण आलं, मेंबरांची यादी आली, आणि व्याह्यांना मैदानावरून काढल्याचं पत्र निघालं. सही साहेबांची, पण टाइप मी केलं. बोटं दुखतात म्हणून एक दिवस रजा मागायलाही माझी जीभ उचलली नाही. पत्र वाचून ते मला, आपल्या व्याह्याला, एवढंच म्हणाले, "इवाई, टायपिंग साफ हाय तुमचं. एक खाडाखोड नाई." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुंपणाच्या आत मोहफुलं झाडून जाळायला लागले. व्याही तरी रोज पहाटे कुंपणाबाहेर, रिकाम्या टोपल्या घेतलेल्या बायांशेजारी जाऊन उभे राहत. एकदा मीही गेलो होतो. एक चेंडू बाहेर आला. त्यांनी तो उचलला, धोतराला पुसला आणि आत फेकला.

"कशाला दिलात?" मी चिडून विचारलं.

"मैदान त माहंच हाय ना, इवाई."

आता ते नाहीत. चैत्रात मी त्याच जागी जाऊन उभा राहतो. चेंडू बाहेर आला की खिशात घालतो आणि घरी येतो. त्यांच्याएवढं मन मला नाही, तेव्हाही नव्हतं.