नागपूरला जाऊन आलेलं पातळ

मुलगी परवा म्हणाली, बाबा, माझ्या गोधडीचा प्रवास लिहा ना ब्लॉगवर. लिहितो.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी वर्ध्याला मास्तर होतो आणि हीच मुलगी तेव्हा तान्ही होती. दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून मायचा निरोप आला, नातीची गोधडी न्यायला ये. थंडीचे दिवस, लगेच निघालो.

पहाटेच्या एसटीने देवळी, कळंब करत यवतमाळ गाठलं. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा फुफाट्याचा. उतरलो तेव्हा माझे केस एका प्रवासात पिकलेले. पुढे दारव्ह्यापर्यंत छोटी रेल्वे. ती आता बंद आहे, तुम्हाला सडकेनेच जावं लागेल आणि घाई असेल तर तेच बरं, कारण आमच्या गाडीला कसलीच घाई नसायची. स्टेशनबाहेर गरम आलूबोंडे खाल्ले आणि बाजारात कापूस उतरवून परतणाऱ्या एका बैलबंडीत बसून गावी पोचलो.

गोधडी अर्धीच झाली होती. निळे-पांढरे त्रिकोण, शंकरपाळ्यांसारखे एकमेकांना टेकवलेले. निळे मायच्या कापूस वेचायच्या लुगड्याचे, पांढरे माझ्या वडिलांच्या धोतराचे; ते धोतर मध्येच संपलं. नवं कापड चालत नाही. बाळाच्या गोधडीला घरच्या माणसाने अंगावर मऊ केलेलंच कापड लागतं.

माय ओसरीत बसलेली. शेजारच्या शांताकाकूंनी मला बाजूला घेतलं.

"तुमची माय कोनाशी बोलूनच नाही राह्यली, मास्तर. पातळ खराब झालं न तिचं."

ते पातळ म्हणजे नागपूरला दीक्षा घ्यायला माय जे पांढरंशुभ्र नेसून गेली होती ते. एरवी पेटीत, फक्त पौर्णिमेला बाहेर. "मी गेल्यावर मले हेच नेसवजा," असं तिने आम्हाला बजावून ठेवलं होतं. आणखी पांढरं व्हावं म्हणून ती त्याला नीळ द्यायची. यंदा नीळ फडक्यातून सुटून पाण्यात पडली आणि पदरभर निळे डाग उठले.

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या बाजारातून नवं पांढरं पातळ घेऊन आलो. मायने ते हातात घेऊन पाहिलं.

"चांगलं हाये, बाबू. पन हे नागपूरले नाही गेलतं."

संध्याकाळी पाहतो तर माय कात्री घेऊन जुनं पातळ कापायला बसलेली.

"माय, काहून कापून राह्यली वो?"

"डागाचं पातळ कोन नेसते?" एवढंच म्हणाली.

पुढचे दोन दिवस ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि सुईदोरा. शेवटचा कोपरा गोधडी नेणाऱ्याने शिवायचा ही आमच्याकडची रीत. माझे टाके पाहून शांताकाकू म्हणाल्या, "पोरायले अक्षर तुमीच शिकोता का?" माय तेव्हा पहिल्यांदा हसली, आणि मला सुटल्यासारखं झालं.

वर्ध्याला गोधडीच्या तिसऱ्या-चौथ्या धुण्यातच पातळाच्या तुकड्यांवरचे निळीचे डाग पार निघून गेले. लुगड्याचा निळा तेवढा राहिला. मला हळहळ वाटली. उन्हाळ्यात माय आली, तेव्हा बोलून दाखवलं, थोडी थांबली असतीस तर पातळ वाचलं असतं.

"नीळ धुतल्यानं जाते, हे मले मालूम नाही का?" मांडीवरच्या नातीला थोपटत ती म्हणाली. "ठेवलं असतं तं मायासंगं जळून गेलं असतं. पोरीले काय भेटलं असतं? कापाचा जीव होत नव्हता. नीळ पडली, बरं झालं."

ती गोधडी आज मुलीच्या घरी आहे, विरलेली, तरी उबदार. आणि माय गेली तेव्हा दारव्ह्याच्या बाजारातलं, कधीच नागपूरला न गेलेलं ते पातळ आम्ही तिला नेसवलं.