घड्याळाकडे पाठ करून

फ्रीमाँटमधल्या मराठी घरांत माझी ओळख एकच होती, म्युनिकवाली. लग्नाआधी मी पुण्याच्या एका टूर कंपनीत होते आणि उन्हाळाभर आपल्या लोकांना युरोप दाखवायचे, त्यातही बहुतेक वेळा म्युनिक. मग लग्न झालं, अमेरिकेत आले आणि नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसले. मला नोकरीची परवानगी नव्हती. कुणाचे सासू-सासरे म्युनिकवरून भारतात परतणार असले की फोन यायचा, "तू फ्रीच असतेस ना यार, जरा गाइड कर ना त्यांना." ते 'फ्रीच' ऐकून ऐकून मी विटले होते.

त्या रविवारी शेजारच्या टाउनहाउसमधले काका-काकू आले. मुलाने परतीच्या वाटेवर त्यांना म्युनिकला एक दिवस काढून दिला होता, व्हिसासकट. मला बोलायचीही इच्छा नव्हती. आदल्याच आठवड्यात जुन्या कंपनीची मेल आली होती, एक सीझन येतेस का म्हणून. आणि वकील म्हणाला होता, पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलीय, ग्रीन कार्ड होईपर्यंत बाहेर जाऊ नका, परत येताना अडकाल. नवऱ्याचं म्हणणं, "लगेच नाही म्हणू नकोस, थोडं होल्ड कर." आल्यापासून मी होल्डवरच तर होते.

चहा ठेवला आणि पाठ असलेलं बोलायला लागले. विमानतळावरून ट्रेनने थेट मारिएनप्लाट्झच्या चौकात उतरायचं. आधी स्वच्छतागृह कुठे ते बघून ठेवायचं आणि सुटी नाणी जवळ ठेवायची. आपल्या माणसांना राजवाड्याच्या आधी हे सांगावं लागतं. मग दोन हिरव्या घुमटांचं चर्च. आत शिरताच फरशीवर पावलाचा ठसा आहे, तो सैतानाचा म्हणतात. पुढे बाजार लागतो, तिथे टोमॅटो दाबून बघायचे नाहीत, बाई ओरडते. इंग्लिश गार्डन सुंदर आहे, पण तिथे काही लोक कपड्यांशिवाय ऊन खात पडलेले असतात, म्हणून मी ग्रुपला दुसऱ्या बाजूने न्यायचे.

काकांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे नेमकं कुठल्या बाजूने?"

"तुम्ही चहा प्या," काकू म्हणाल्या.

सगळ्यात शेवटी सांगितलं ते घड्याळ, त्याच पहिल्या चौकातलं. अकराच्या आत टाउन हॉलच्या मनोऱ्याखाली उभं राहायचं. घंटा वाजायला लागतात, बाहुल्या फिरतात, घोडेस्वार झुंजतात, खालच्या मजल्यावर नाच होतो.

"आणि शेवट कसा होतो?" काकूंनी विचारलं.

मला सांगता येईना. सगळा ग्रुप माना वर करून बघत असतो, आणि खिसेकापू त्याचीच वाट बघत असतात. त्यामुळे मी कायम घड्याळाकडे पाठ करून, हातात झेंडा धरून माणसं मोजत उभी असायचे. घंटा संपत आल्या की पुढच्या बसची घाई.

"इतक्यांदा जाऊन बघितलं नाहीस?" काकू म्हणाल्या. मी हसले, पण मला फार दमल्यासारखं झालं.

काही दिवसांनी काकूंचा पुण्याहून फोन आला. "अगं, शेवटी कोंबडा आरवतो. वर सोनेरी कोंबडा आहे. एवढ्या गाजावाजानंतर आवाज मात्र अगदी केविलवाणा." थोडं थांबून म्हणाल्या, "सगळे वर बघत होते. मी एकदा मागे वळून बघितलं. वाटलं, तू उभी असशील आम्हाला मोजत."

फोन ठेवला आणि कंपनीच्या होल्डवर ठेवलेल्या मेलला उत्तर लिहून टाकलं, यायला जमणार नाही. मग जेवणाच्या टेबलाशी बसून रडले. इतकी वर्षं रडले नव्हते ते सगळं तेव्हा बाहेर आलं.

संध्याकाळी नवऱ्याने ऑफिसातून आल्या आल्या भीत भीत विचारलं, "टीममधल्या एकाचे आई-वडील म्युनिकवरून जातायत. तुला भेटायला येतो म्हणालेत. कॅन्सल करू?"

"नको, येऊ दे," मी म्हटलं. आता मला शेवटही सांगता येणार होता.