इंजिन बंद करून प्यालेली कॉफी

हुफूफ या अरबी शहराच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, मी एकतीस वर्षे सुट्या भागांच्या दुकानात हिशेबनीस आहे. आमच्या भिंतीला लागूनच तालिबचे गॅरेज होते. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू यूनुस, म्हणजे यूनुसचा बाप, म्हणत. जुन्या अमेरिकन पिकअपचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एवढा एकच विषय त्याने आयुष्यभर केला.

त्याची पद्धत ठरलेली होती. इंजिन चालू ठेवून तो गिअरबॉक्सची तेलपट्टी बाहेर काढी, पांढऱ्या चिंधीवर पुसे आणि चिंधी नाकाशी नेई. लालसर तेल म्हणजे प्रकृती ठीक. तपकिरी म्हणजे आत झीज चालू. करपल्याचा वास आला की क्लचच्या चकत्या जळल्या. मग ब्रेकवर पाय दाबून तो एकेक गिअर टाकी आणि गाडी किती वेळाने दचकते ते मनात मोजी. गाडी खोलण्याआधी निदान तयार असे.

मात्र या सगळ्याच्या आधी कॉफी. पाहुणा बसल्याशिवाय आणि तीन पेले झाल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. त्याच्या वडिलांचेही तसेच होते.

एका जुलैत धैदान आला. दक्षिणेकडच्या वाळवंटातला उंटवाला, अबू यूनुसचा वीस वर्षांचा मित्र. त्याची सत्त्याऐंशी सालची पिकअप, मागे पाण्याची टाकी. कुंपणातल्या उंटांना दर दोन दिवसांनी तिनेच पाणी पोचायचे.

"बंद नको करूस," तो दारातूनच ओरडला. "तापलीये तेवढ्यात बघ. तापली की इंजिन नुसतं बोंबलतं, चाकं हलत नाहीत. जरा थांबली की पुन्हा शहाणी होते."

"आणि तू काय उभ्या उभ्या कॉफी पिणार?" अबू यूनुस म्हणाला. "दारात गाडी घुरघुरतेय आणि पाहुणा ताटकळतोय! लोक म्हणतील, तालिबनं मित्राला हाकलला."

त्याने खिडकीतून हात घातला आणि स्वतः चावी फिरवली.

यजमानाला तेच दुसऱ्यांदा सांगणे त्या लोकांत शोभत नाही. धैदान बसला. मलाही बोलावले. तीन तीन पेले झाले, खजूर झाले. वदहा नावाची धैदानची म्हातारी पांढरी उंटीण व्यायली होती, त्या पिल्लाचे कौतुक झाले. पाऊण तास गेला.

मग अबू यूनुसने गाडी चालू केली. तेल तपकिरी होते, पण एवढ्या जुन्या गाडीत तेवढी झीज असायचीच; करपलेले नव्हते. गिअर टाकताक्षणी गाडी दचकली. चौकापर्यंत एक फेरी मारून तो परतला.

"माझ्यापेक्षा ठणठणीत आहे रे! म्हातारी लाडात आलीये, दुसरं काही नाही."

धैदान माझ्याकडे वळला. "काय हिशेबनीस, हा वैद्य नाडी बघतो की नुसती तोंडाची वाफ दवडतो?"

आम्ही तिघेही हसलो. टाकी भरून तो गेला.

वाळूत शिरल्यावर तासाभरात गाडी थांबली. अर्धा तास उभी ठेवली की थोडी चाले, पुन्हा थांबे. असे करत करत तो कुंपणापाशी पोचला तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. भर जुलैत, सुक्या चाऱ्यावर, बिनसावलीच्या कुंपणात चार उंट तहानेने गेले होते. पाचवी वदहा. पिल्लू तिच्या अंगाला टेकून बसले होते, आणि तेही दुसऱ्या दिवशी गेले.

गाडी ओढून आणली. अबू यूनुसने गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे खाली उतरवले. आतली जाळी काळ्या गाळाने भरली होती. गाडी चालली की गाळ जाळीवर ओढला जाई, तेल पुढे सरकत नसे. उभी राहिली की गाळ खाली बसे आणि गाडी बरी झाल्यासारखी वागे. आमच्या पाऊण तासात नेमके तेच झाले होते. नवी जाळी बसवायला तास लागला असता. ती आमच्याच दुकानात होती, तिसऱ्या फळीवर. मला आजही ती जागा दिसते.

"देवाचं होतं, देवानं नेलं," एवढेच धैदान म्हणाला. "तुझा काय दोष?"

तो भांडला असता तर बरे झाले असते, असे अबू यूनुस मला पुष्कळदा म्हणाला. "बसून कॉफी पिऊन गेला की समजेन, मनात काही ठेवलं नाही." धैदान कुठे भेटला की अबू यूनुस विचारी, "कधी येतोस?" धैदान म्हणे, "येईन की." आला नाही. उरलेले उंट त्याने विकून टाकले.

त्यानंतर अबू यूनुसने कॉफीची किटली कपाटात ठेवली. गिऱ्हाईक उतरायच्या आत हा तेलपट्टी काढायला हजर. इंजिन बंद करायला कुणाचा हात गेला की ओरडे. प्रत्येक गाडी आधी अर्धा तास रस्त्यावर तापवून आणी.

"काय रे, कॉफीची टंचाई आहे का तुझ्याकडे?" लोक टोमणे मारत.

"आधी ही पाहुणी," तो गाडीवर थाप मारून म्हणे, "मग तू."

निम्मी गिऱ्हाइके तुटली. मीही त्याला एकदा बोललो, की एवढे ताणू नकोस. बोलायला नको होते.

गॅरेज कायमचे बंद व्हायच्या आठवड्यात, अकरा वर्षांनी, धैदान आला. जावयाची गाडी होती. अबू यूनुस चिंधी घेऊन धावला.

"राहू दे. गाडीला काही झालेलं नाही. कॉफी प्यायला आलोय."

किटली केव्हाच कुणाला तरी देऊन झाली होती. अबू यूनुस रिकामे पेले घेऊन माझ्याकडे आला. मी आमच्या दुकानातली किटली भरून दिली आणि बरोबर गेलो.

बाहेर इंजिन चालूच होते. धैदानने ते बंद केले नव्हते, अबू यूनुसनेही चावीला हात लावला नाही. धैदानने पहिला पेला संपवला. अबू यूनुसने किटली पुढे केली. धैदानने रिकामा पेला दोनदा हलवला. पुरे, असे सांगायची तिथली ती रीत.

पूर्वी तो तीन पेले पीत असे.