डाळीतली जिलबी

शेटाणीने जिलबी डाळीत टाकली.

चुकून नाही. हात घसरला नाही, अंधार नव्हता, गडबड नव्हती. आधी टोपात भात. भातावर डाळ. डाळीवर बटाट्याची भाजी, भाजीवर कोशिंबीर, आणि सगळ्यात वर जिलब्या. मग माझ्या आयकडे बघत तिने पळीच्या पाठीने त्या खाली दाबल्या. बुडेपर्यंत दाबल्या. एक वर आली. तिला परत दाबली.

हा प्रवेश मी अजून करून दाखवते. आमच्या बचत गटाच्या बायका मला सांगतात, "शेटाणी कर गो." मी पदर खोचते, हनुवटी वर करते, हातात पळी नसली तर चपलेने भागवते. बायका हसून लोळतात. आणि त्या वर आलेल्या जिलबीला मी परत दाबते ना, तेव्हा हसणं मधेच थांबतं. दर वेळी तिथेच थांबतं.

आमचा पाडा मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. खाली गावात मोठं घर, शेटाणीचं. त्या घरात लग्न होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं. पाड्यावरच्या बाया तांदूळ निवडायला, पाणी भरायला आणि पंगती उठल्या की भांडी घासायला जायच्या. माझी आय त्यात होती. मी तिच्याबरोबर राख आणि काथ्या घेऊन. पंगतीत आम्हाला बसवत नसत. सगळं आटपलं की मागच्या दाराला, गोठ्याशेजारी, आपापलं भांडं घेऊन उभं राहायचं. उरलेलं मिळायचं.

त्या दिवशी आयने घरून तीन भांडी आणली होती. भाताला टोप, डाळीला कडीचा डबा आणि एक झाकणाची डबी. डबी जिलबीसाठी. माझा धाकटा भाऊ लहू तापाने घरी पडला होता. त्याने जिलबी कधी खाल्ली नव्हती, नुसती ऐकली होती. आयने त्याला सांगून ठेवलं होतं, "गोल गोल असते. चावली की आतून पाणी येतं, गोड." लहू ताप विसरून तोंड चाटत बसला होता. डबी आयने सकाळी राखेने अशी घासली होती की तिच्यात माझं नाक दिसत होतं.

शेटाणीने तीन भांडी बघितली.

"कशाला गो इतकी भांडी? हाटेल काढलंस?"

"नाय ओ शेटाणीबाय. पोराला जरा येगळं..."

"येगळं! पोटात गेल्यावर सगळं एकच होतं."

आणि मग तो पळीचा खेळ. जिलबीचं ताट अर्धं भरलेलं होतं. त्यातून डबी भरून वर उरल्या असत्या. जिलब्या द्यायला तिने हात आखडला नाही, हे मी न्यायाने सांगते. भरपूर दिल्या. पण डाळीत दिल्या.

घरी आल्यावर आयने टोपात हात घालून जिलब्या शोधल्या. एकेक बाहेर काढली. लोटा घेतला आणि दारात बसून त्या धुतल्या. हो, जिलब्या धुतल्या. जिलबी धुतली की काय उरतं ते तुम्ही बघितलं नसेल. मैद्याचं ओलं वेटोळं. पाक वाहून जातो, हळद राहते. मिरची तर आत शिरूनच बसते. ती वेटोळी आयने त्या चकचकीत डबीत मांडली, झाकण लावलं आणि लहूच्या हातात डबी दिली. त्याने झाकण उघडून आधी पोटभर बघून घेतलं. मग खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"आये, जिलबी तिखट असते?"

आय म्हणाली, "असते रे. थोडी."

आता माझी आय घरी कशी वाढायची तेही ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्हाला कसंही खायची सवय होती. आमच्या घरात नसलेल्या वस्तू मोजायला बसलं तर दिवस मावळेल. पण असेल ते आय वेगळं वाढायची. सागाचं पान. त्यावर वरच्या कोपऱ्यात मीठ. मिठापासून लांब मिरचीचा ठेचा. एका बाजूला नाचणीची भाकरी, दुसऱ्या बाजूला पावसाळा असला तर टाकळ्याची भाजी, नाहीतर भाजलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा. बोंबील एकच असायचा आणि खाणारी तोंडं चार. बाला, म्हणजे बापाला, मधला भाग, आम्हाला शेपटीकडचा. डोकं आय स्वतः चघळायची आणि असा चेहरा करायची की खरी मजा डोक्यातच आहे. पेज असली तर ती पेल्यात. पानावर सांडू द्यायची नाही. "एक घास याचा, एक घास त्याचा," म्हणायची. तेवढ्याशा जेवणाचे ती किती तरी घास करायची, आणि प्रत्येक घासाला आम्ही मान वर करून बघायचो, आता काय घेऊ? निवडायला मिळायचं. गरिबाच्या पोराला दिवसातून दुसरं काय निवडायला मिळतं?

ते निवडणंच शेटाणीने पळीने दाबलं. आमची भूक तिला मान्य होती. भुकेसाठी तिने टोप भरून दिला. आम्हाला चव कळते, हे तिला मान्य नव्हतं.

पण हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते सव्वीस जानेवारीला.

झेंडावंदन झालं. शाळेत जिलबी वाटली. लहू तेव्हा पहिलीत. हातातली जिलबी त्याने चावली आणि थुंकली. उठून सरळ गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, ही खराब झाली. हिला तिखट नाय."

गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. खुर्चीत पाहुणे होते ना, मग जरा चमकायला नको?

"काय रे, तुमच्यात जिलबीला फोडणी देतात काय?"

पाहुणे हसले. गावातली पोरं हसली. मग पाड्यावरची पोरंही हसली, कारण सगळे हसत होते. लहू झेंड्याखाली उभा, हातात जिलबी, पाक कोपरापर्यंत ओघळलेला. खरी, गोड, कोणी न बुडवलेली जिलबी. आणि ती त्याला खोटी वाटत होती. त्याला वाटलं आपल्याला फसवलं. बरोबरच वाटलं. फसवलेलंच होतं, फक्त कधी फसवलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

घरी जाऊन मी आयला सांगितलं. नक्कल करून सांगितलं, गुरुजींच्या आवाजात. नक्कल करायची खोड तेव्हापासूनची. आय हसली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, परत पुढे सारलं. त्यानंतर ती मोठ्या घरी कामाला गेली. भांडी घासली, पाणी भरलं. पण मागच्या दाराला भांडं घेऊन कधी उभी राहिली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "घरात शिजलंय." बऱ्याचदा शिजलेलं नसायचं.

आयने तोंडाने नाही म्हटलं नाही. ते माझ्यावर राहिलं.

माझं लग्न शहापूर तालुक्यात झालं, उंबरमाळीच्या बाजूला. नवरा ट्रकवर भरणीच्या कामाला. काम असेल तेव्हा असेल. दोन पोरं झाली. मी आयचीच लेक. गिरणीवरच्या कण्या आणायच्या, धुऊन वाळवायच्या. शहापूरचा बाजार उठता उठता तिथे जायचं, भाजीवाल्या गाठोडी बांधत असताना. तेव्हा त्या कमी बोलतात आणि जास्त देतात. कुळथाचं पिठलं. पावसात रानातली भाजी. आणि अंडं असेल तर उकडून दोऱ्याने कापायचं. सुरीला पिवळं चिकटतं, तेवढं वाया जातं. दोऱ्याला काही चिकटत नाही. एका अंड्याचे दोन डोळे माझ्या पोरांच्या पानावरून माझ्याकडे बघायचे.

दोन हजार साल उलटल्यावर हायवेच्या आत एका फार्महाऊसवर मला काम लागलं. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येत. मॅडम मराठीच होत्या. गोड बोलायच्या. माझ्याहून मोठ्या, तरी मला मावशी म्हणायच्या. मी मावशी म्हणजे माझी पोरं त्यांची मावसभावंडं झाली, नाही का? हे नातं मी मनात धरून हसायचे.

त्यांचा कुत्रा होता, टायगर. टायगरची भांडी मी घासायचे. एक भाताचं, एक पाण्याचं, एक बिस्किटांचं. तीन. त्यांची जागा ठरलेली. बिस्किटं भातात पडलेली चालत नसत. ती भांडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी ती दोनदा मोजली. मग घासली. राखेने नाही, साबणाने.

एका रविवारी दुपारी मोठी पार्टी झाली. मॅडम आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "मावशी, उरलं तर तुम्हालाच." मी घरी पोरांना सांगून आले होते. काय काय असेल ते हातवारे करून सांगितलं होतं. गुलाबजाम म्हटल्यावर माझी पोरगी दोन उड्या मारून आली. घरून निघताना मी डबे घेतले. हो, तीनच घेतले. हात आपोआप तीनकडे गेला.

जेवणं झाली. ट्राफिक लागायच्या आत निघायचं म्हणून सगळ्यांची घाई. मी ओट्यावर डबे मांडले. मॅडमनी कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांच्या गुंडाळीतून एक पिशवी फाडली.

"मॅडम, मी डबे आणलेत."

"डबे कुठे भरत बसता, मावशी. पिशवी नवी आहे, स्वच्छ आहे."

बिर्याणी गेली. डाळ गेली. रायतं गेलं. मग गुलाबजामचं भांडं त्यांनी पाकासकट उपडं केलं. पिशवीला गाठ मारली आणि हसून माझ्यापुढे धरली. अगदी मनापासून हसून. शेटाणीच्या डोळ्यात निदान खोडी होती. हिच्या डोळ्यात काहीच नव्हतं. हिला दाबायचीही गरज पडली नाही.

मी पिशवी घेतली नाही.

"मॅडम, टायगरला तीन भांडी आहेत."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "अगं, त्याचं पोट नाजूक आहे."

"आणि माझ्या पोरांचं?"

"तुमच्या मुलांना सवय असते गं. दगड पचवतात ती."

सवय. लहू झेंड्याखाली उभा होता, हातात जिलबी, आणि त्याला सवय होती.

"नको मला," मी म्हटलं.

"मावशी, अन्नाचा असा अपमान करू नये."

"तो तुमी केलात. मी नुसती उभी होते."

मॅडमचा चेहरा पडला. मावशी संपली, मी एकदम "ही बाई" झाले. गाडीत बसताना वॉचमनला म्हणाल्या, "ही बाई पुढच्या आठवड्यापासून नको." काळी पिशवी ओट्यावर तशीच राहिली. मी रिकामे डबे घेऊन निघाले. वाटभर ते माझ्या कापडी पिशवीत एकमेकांवर आपटत होते, तमाशातल्या झांजांसारखे. माझीच मिरवणूक, माझाच बाजा.

घरी दोघं दारात उभी.

"आणलं?"

मी कण्यांचा भात केला. टाकळा होता. घरात एक अंडं होतं, ते दोऱ्याने कापलं. सागाची पानं मांडली. वरच्या कोपऱ्यात मीठ. आणि दुसऱ्या कोपऱ्यात गुळाचा खडा, कशालाही न लागलेला.

पोरगी रडली. तिला गुलाबजाम हवा होता, आईचा मान नको होता. तिने गुळाला हात लावला नाही. मी तिला समजावलं नाही. काय समजावणार? काम गेलं होतं, पुढचे महिने वाईट गेले, नवऱ्याने बोलून घेतलं. गूळ मुंग्यांनी नेला.

पण ती मोठी झाली तरी जिलबी तिखट असते असं कोणाला म्हणणार नाही.

लहू आता टेम्पो चालवतो. चांगलं चाललंय. जिलबी खात नाही. मुरबाडच्या बाजारात त्याला मी एकदा विचारलं, घेऊ का रे? म्हणाला, "नको गो ताय. तोंडात घातली की तिखट लागते."

गेल्या लग्नसराईत शहापूरला एका हॉलवर आमच्या गटाला भांडी घासायला बोलावलं. नळाजवळ पातेल्यांचा डोंगर. मी केटररला म्हटलं, "आधी आमची पंगत बसवा. पानं मांडा, वेगळं वाढा. मग घासतो."

तो हसला. "काय ताई, उरलेलं एका टोपात देतो ना भरून. घरी नेऊन खा. पोटात गेल्यावर..."

त्याला वाक्य मी पुरं करू दिलं नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. सगळ्यांना तो प्रवेश पाठ होता. कोणी हसलं नाही. एकेकीने पदराला हात पुसले. हात अजून ओलेही झाले नव्हते, तरी पुसले.

पानं मांडली गेली नाहीत. आम्ही भांडी घासली नाहीत. मजुरी बुडाली, आणि उन्हातून चालत परत आलो. दोघी-तिघींनी वाटेत मला शिव्या घातल्या. त्यांच्याही घरी पोरं आहेत.

पुढच्या लग्नालाही मी हेच सांगणार आहे. त्याच्या पुढच्या लग्नालाही. ज्या मागच्या दाराला बोलावतील त्या दाराला सांगणार. पोटात काय होतं ते आमचं पोट बघेल. पानावर वेगळं वाढा. नाहीतर तुमची खरकटी पातेली आणि तुमचे हात.